तिसरी ते पाचवीला इतिहास कसा शिकवावा: नवारीची पट्टी, आजीची मुलाखत आणि देवळाजवळची वीरगळ

चौथीच्या वर्गात ‘राणी चन्नम्मा आधी की गांधीजी आधी?’ असं विचारून बघा. बरीच मुलं ‘गांधीजी’ म्हणतील. का, म्हणून विचारलं तर कारणही तयार असतं: फोटोत ते म्हातारे दिसतात. मुलांचं चुकत नाही. त्यांच्या लेखी ‘पूर्वी’ म्हणजे एकच मोठा वाडा, आणि त्यात चन्नम्मा, गांधीजी, शिवाजी महाराज आणि आदिमानव सगळे एकत्रच नांदतात.

चूक आपल्या क्रमात असते. आपण गोष्टीपासून सुरुवात करतो, मग सनावळी पाठ करून घेतो, आणि ‘हे कशावरून?’ हा प्रश्न कधी येतच नाही. खाली दिलेला क्रम उलटा आहे: आधी काळाचं माप, मग वस्तू, मग माणसं, मग कागद आणि दगड, आणि राजाराणी सगळ्यात शेवटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत परिसर अध्ययनाच्या तासांना, आठवड्याला एक तास धरून, जूनपासून जानेवारीपर्यंत हे सगळं आरामात बसतं.

## तयारी: शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात

लागणारं सामान असं:

- पांढरी सुती नवार, 9 मीटर (खाटेला विणतात ती)
- पक्क्या शाईचे दोन पेन, एक काळा आणि एक लाल
- कपड्यांचे चिमटे, साधारण 40
- पोस्टकार्डाएवढी कार्डं तीन रंगांत, प्रत्येकी 30
- शिंप्याकडची टेप

नवारच घ्या. सुतळी पावसाळी दमट हवेत आखडते, नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि दोन्हींवर नीट लिहिता येत नाही. खानापूर बाजूला जूनमध्ये व्हरांड्यापर्यंत झड येते, म्हणून पट्टी आतल्या भिंतीला, मुलांच्या छातीच्या उंचीवर लावायची. भिंत 9 मीटर नसेल तर कोपऱ्यातून वळवा, पण कापू नका.

माप एकच: 1 सेंटिमीटर म्हणजे 1 वर्ष. एका टोकाला 30 सेंटिमीटर मोकळी नवार सोडा आणि तिथे लाल रेघ मारून ‘आज’ लिहा. तिथून मागे दर 10 सेंटिमीटरला छोटी काळी रेघ आणि दर 100 सेंटिमीटरला पूर्ण रुंदीची लाल रेघ मारा.

2026 धरून काही जागा अशा येतात:

- भारत प्रजासत्ताक, 1950: 76 सें.मी.
- स्वातंत्र्य, 1947: 79 सें.मी.
- बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, 1924: 102 सें.मी.
- राणी चन्नम्मांचा सैनिक संगोळ्ळी रायण्णा याला फाशी, 1831: 195 सें.मी.
- कित्तूरची लढाई (राणी चन्नम्मा विरुद्ध इंग्रज), 1824: 202 सें.मी.
- शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, 1674: 352 सें.मी.
- बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर), 1204: 822 सें.मी.

यातलं पट्टीवर आत्ता काहीही लिहायचं नाही. ही यादी तुमच्या वहीत राहू द्या.

सावध: पट्टीऐवजी बाजारातला तक्ता लावला की सगळं फसतं. तक्त्यावर घटना सारख्या अंतरावर छापलेल्या असतात. 1204 ते 1674 आणि 1924 ते 1947 ही दोन्ही अंतरं मुलाला सारखीच दिसतात आणि तशीच डोक्यात बसतात.

## टप्पा 1: स्वतःचं आयुष्य पावलांनी (जून, 2 तास)

1. अंगणात खडूने सरळ रेघ मारा. एक पाऊल म्हणजे एक वर्ष.
2. मूल आजपासून मागे पावलं टाकत जातं आणि प्रत्येक पावलावर काय झालं ते सांगतं: शाळेत नाव घातलं, धाकटी बहीण झाली, घराला पत्रे घातले.
3. ज्याला काही आठवत नाही, त्या पावलावर तो ‘आईला विचारणार’ म्हणतो. हेसुद्धा उत्तरच आहे.
4. मग सगळे पट्टीपाशी या. नऊ वर्षांच्या मुलाने ‘आज’पासून 9 सेंटिमीटरवर आपल्या नावाचा चिमटा लावायचा. बाईंचा किंवा गुरुजींचा चिमटाही लावा, पोरांना तो फार आवडतो.

एखाद्या मुलाची आई किंवा वडील हयात नसतील, किंवा घरचं काही सांगण्यासारखं नसेल, तर त्याला ‘शाळेत आल्यापासून’ एवढंच विचारा. हे आधी माहीत करून घ्या. सगळ्यांसमोर कळलं तर उशीर झालेला असतो.

तपासणी: कुठल्याही दोन गोष्टी घेऊन ‘आधी कुठली?’ विचारा. सन विचारू नका. दहापैकी आठ मुलांना जमलं की पुढे जा, नाहीतर आणखी एक तास पावलंच.

## टप्पा 2: पिढ्यांची साखळी (1 तास)

शतक हा शब्द पाचवीपर्यंत बाजूलाच ठेवा. ‘एकोणिसावं शतक’ म्हणजे 1801 ते 1900 हे मोठ्यांनाही पटकन सुचत नाही. मुलाला ते 1900च्या पुढचंच वाटणार.

त्याऐवजी पिढी घ्या. एक पिढी ढोबळपणे 25 वर्षं. एक मूल पुढे उभं राहतं, त्याच्या मागे ‘बाबा’, मग ‘आजोबा’, ‘पणजोबा’, असे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. कित्तूरच्या लढाईपर्यंत जायला 8 मुलं पुरतात. शिवरायांच्या राज्याभिषेकापर्यंत 14. कमल बस्तीपर्यंत 33 लागतात, म्हणजे लहान गावातली शाळाच्या शाळा अंगणात उभी करावी लागते. तशी करा. शेवटचं पोर ओरडून सांगतं, ‘मी बस्ती बांधताना बघितलं!’, आणि हा तास पुढे सहा महिने मुलं विसरत नाहीत.

हलशीचे कदंब राजे यांच्याही मागे आहेत. पाचव्या शतकातली त्यांची पलाशिका, म्हणजे आजची हलशी, पट्टीवर 15 मीटरच्याही पुढे जाईल. त्यासाठी नवार वाढवू नका, अंगणातल्या झाडाला फीत बांधा. आणि दहा हजार वर्षांपूर्वीचा माणूस? तो शंभर मीटरवर, म्हणजे फाटकाबाहेर रस्त्यावर. आदिमानवाचा पाठ पहिला का घ्यायचा नाही ते इथे दिसतं. मुलाला दहाचीच मोजणी नुकती कळलेली असते, आणि आपण त्याला दहा हजारांत ढकलतो.

## टप्पा 3: घरातली वस्तू (जुलै, 3 तास)

प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची: कंदील, चिमणी, शेर, मापटं, पाटी, नाणं, जुनं रेशनकार्ड. जातं, घंगाळ असलं जड काही असेल तर चित्र काढून आणायचं. सोनं, चांदी आणि देव्हाऱ्यातलं काही नको, हे पालकांना चिठ्ठीनेच कळवा. वस्तू आली की घरचं नाव लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधा आणि त्याच आठवड्यात परत पाठवा. एक तांब्या हरवला तर पुढच्या वर्षी गाव काही देणार नाही.

वर्गात विचारायचे प्रश्न याच क्रमाने:

1. कशाची आहे?
2. कुठे झिजली आहे? (हात कुठे लागत होता ते झिजेवरून कळतं. पाट्याचा मधला खळगा, पळीची एकच कड.)
3. कशासाठी वापरत असतील?
4. आता त्या कामाला काय वापरतो?

तिसरा प्रश्न पहिला विचारला की मुलं अंदाज ठोकतात आणि वस्तूकडे बघतच नाहीत.

नाण्यांचा तास वेगळा घ्या, कारण सन त्यांच्यावरच छापलेला असतो. मध्ये भोक असलेला पैसा 1943 ते 1947 मधला असतो. ‘नये पैसे’ लिहिलेलं नाणं 1957 नंतरचं, कारण 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, त्याआधी सोळा आणे होते. मुलांनी भिंग घेऊन सन शोधायचा आणि पट्टीवर स्वतः मोजून कार्ड लावायचं. पट्टीवरची ही पहिली ‘खरी’ तारीख.

इथूनच तीन रंगांची कार्डं सुरू होतात. स्वतः पाहिलं ते हिरवं, डोळा. कुणी सांगितलं ते पिवळं, कान. लिहिलेलं किंवा कोरलेलं सापडलं ते पांढरं, कागद. यापुढे पट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक कार्डाला रंग हवाच, आणि मूल कार्ड लावायला आलं की वर्गाने एका सुरात विचारायचं: ‘कशावरून?’

## टप्पा 4: आज्जीची मुलाखत (ऑगस्ट-सप्टेंबर)

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मूल घरी जाऊन विचारतं, ‘आज्जी, तुमच्या काळी कसं होतं?’ आणि आज्जी सांगते, ‘आमच्या वेळंला असलं काय नव्हतं बाबा.’ वहीत तेवढंच एक वाक्य येतं.

प्रश्न वस्तूचा आणि जागेचा हवा:

- तुला शाळेत घातलं काय? पाटी कुठली होती?
- दिव्याला रॉकेल कुठून आणायचीस? बाटली कोण धरायचं?
- पाणी कुठून आणायचीस? किती खेपा?
- बाजार कुठला? चालत जायचीस की बैलगाडीने?
- लग्नाचं वऱ्हाड कशातून आलं?

एका मुलाला पाचच प्रश्न. तिसरीच्या मुलाने ऐकून चित्र काढायचं, चौथीच्याने दोन ओळी लिहायच्या, पाचवीच्याने सन काढायचा. दोन शिक्षकांच्या शाळेत तीन इयत्ता एकत्र बसवायला ही वाटणी उपयोगी पडते. घरात कन्नड किंवा कोंकणी बोलत असतील तर मुलाने त्याच भाषेत विचारावं आणि आज्जीचे शब्द जसेच्या तसे लिहून आणावेत. भाषांतर वर्गात सगळे मिळून करा.

सन काढायची युक्ती: ‘किती साली?’ विचारलं तर आज्जी अंदाजे काहीतरी सांगेल. त्यापेक्षा खुणेची वर्षं द्या. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? आणीबाणीच्या (1975) वेळी तू केवढी होतीस? इंदिरा गांधी गेल्या (1984) तेव्हा माझे बाबा चालत होते काय? दोन खुणांच्या मध्ये घटना सापडली की झालं. पट्टीवर नेमका बिंदू न लावता तेवढ्या भागावर पिवळं कार्ड आडवं लावा.

सावध: जात, जमीन, भाऊबंदकीतली भांडणं हे प्रश्न मुलांच्या हातात देऊ नका. ते आलंच तर वर्गात वाचून दाखवू नका.

तपासणी: दोन आज्ज्या एकाच गोष्टीचं वेगवेगळं सांगतात. मुलांनी ते तुमच्याकडे तक्रार म्हणून आणलं, तर टप्पा जमला. दोन्ही कार्डं शेजारी लावा. निकाल देऊ नका.

## टप्पा 5: कागद (2 तास)

लग्नपत्रिका हा सर्वांत सोपा कागद. तिच्यावर शके असतं. शके 1890 मध्ये 78 मिळवले की 1968. लग्न जानेवारी ते पाडव्याच्या आत असेल तर 79 मिळवायचे, कारण शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं. ही एका वर्षाची चूक हमखास होते. पाचवीला बेरजेचा सराव म्हणून दहा पत्रिका द्या.

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर दाखवायला हरकत नाही, पण जात आणि पालकांचं नाव हे रकाने कागदाने झाका. त्या घरची नातवंडं याच वर्गात बसलेली असतात.

सरकारी कागदावर राज्याचं नाव बघायला सांगा. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला, 1973 ला राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि 2014 ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. तीन तारखा, तीन पांढरी कार्डं. यावर घरोघरी मतं असतात आणि ती एकसारखी नसतात. मूल घरचं मत घेऊन आलं तर ते पिवळ्या कार्डावर, ‘आजोबा म्हणतात’ असं लिहून. घोषणा पट्टीवर जात नाही, वर्गात आपलं मत पेरायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं, आणि पुढे स्वतः विचार करायला हाताशी माल राहतो.

## टप्पा 6: दगड वाचणे (दिवाळीनंतर, सकाळची वेळ)

लांबची सहल नंतर. आधी गावातलं देऊळ. आपल्याकडे बऱ्याच देवळांच्या आवारात, झाडाखाली किंवा भिंतीत वीरगळ असते, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. मुलं तिच्यावर बसून खेळतात, पण ती काय आहे हे त्यांना माहीत नसतं.

1. आदल्या दिवशी पुजाऱ्यांना आणि पंचांना विचारा. दगडाची पूजा होत असेल तर लांबूनच बघायचं.
2. सकाळी आठ-नऊला जा. तिरपं ऊन पडलं की कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी सपाट दगडच दिसतो. सावलीतल्या दगडाला बाजूने टॉर्च धरा.
3. वाचन खालून वर. खालच्या चौकटीत लढाई. तिथे गाई दिसल्या तर गाई पळवणाऱ्यांशी लढताना वीर पडला असं समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला. सर्वांत वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही आठवण राहो.
4. कोपरात वाकलेला, बांगड्या असलेला नुसता हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. तिसरीला ‘एका बाईच्या आठवणीचा दगड’ एवढंच सांगा.
5. प्रत्येकाने एकच चौकट काढायची.

मुलं वरून वाचायला लागतात, पुस्तकाची सवय. मग वीर आधी देवापाशी बसतो आणि नंतर लढायला जातो. एकदा तसंही वाचू द्या, गोष्ट कुठे अडते ते त्यांनाच सापडेल.

सावध: अक्षरं दिसावीत म्हणून खडू, हळद, तेल लावू नका, काथ्याने घासू नका. दगडाची पापुद्री निघते आणि अक्षर कायमचं जातं. फार तर स्वच्छ पाण्याचा हात फिरवा, तोही विचारून.

यानंतर मोठी सहल. मुख्याध्यापक, एसडीएमसी (शाळेची समिती), बीईओ (गट शिक्षणाधिकारी) कार्यालय आणि पालकांची चिठ्ठी ही परवानगी तीन आठवडे आधी सुरू करा. ठिकाण एकच निवडा. कमल बस्तीला गेलात तर छताला लोंबणारं दगडी कमळ मुलांनी जमिनीवर पाठ टेकून बघावं, उभ्याने मान दुखते आणि पाकळ्या मोजता येत नाहीत. किल्ल्याच्या आवारात लष्कराची वस्ती आहे, फोटो कुठे चालतात ते विचारून घ्या. टिळकवाडीला काँग्रेस विहिरीवर गेलात तर आधी काही न सांगता विचारा: ‘इथे एवढी मोठी विहीर का खणली असेल?’ अधिवेशनाला आलेल्या हजारो माणसांना पाणी लागणार, हे उत्तर मुलं स्वतः काढतात. कन्नड फलकावरचा सन वाचायला कन्नड अंकांचा छोटा तक्ता खिशात ठेवा.

## टप्पा 7: आता गोष्ट

गोष्ट बारा मिनिटांची, तीन-चार पात्रांची. आधी पट्टीवर जागा दाखवा, मग सांगा.

कित्तूरच्या गोष्टीतल्या नेहमीच्या चुका:

- डलहौसीला आणणे. कित्तूरचा दत्तक वारस इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने नामंजूर केला म्हटलं की तोंडात डलहौसी येतो. तो गव्हर्नर जनरल झाला 1848 ला, म्हणजे पट्टीवर 178 वर. कित्तूर 202 वर. मुलांना मोजायला लावा.
- एकच लढाई सांगणे. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, कित्तूर जिंकलं. डिसेंबरात कंपनीची फौज पुन्हा आली, किल्ला पडला आणि चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं. पहिल्या लढाईवर थांबलं की मुलांना रायण्णा पुढे का लढत राहिला ते कळत नाही.
- 26 जानेवारीचा घोळ. रायण्णाला नंदगडला फाशी दिली ती 26 जानेवारी 1831 ला. झेंडावंदन त्याचंच, असं मुलांना वाटतं. 195 आणि 76 या दोन जागांवर एकेक मूल उभं करा.
- नाटकातले संवाद खरे धरणे. स्नेहसंमेलनात म्हटलेली वाक्यं पांढऱ्या कार्डावर जात नाहीत.

1924च्या डिसेंबरातलं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, कित्तूरच्या बरोबर 1 मीटर अलीकडे येतं. चन्नम्मा आधी की गांधीजी, हा पहिल्या दिवशीचा प्रश्न आता विचारा. मूल तोंडाने उत्तर देण्याआधी पट्टीकडे चालत गेलं पाहिजे.

## मूल्यमापन आणि आवरणं

लेखी परीक्षा जशी असते तशी राहू द्या. तुमच्यापुरती एकच चाचणी घ्या: पाच वाक्यं, प्रत्येकापुढे मुलाने डोळा, कान की कागद ते लिहायचं, आणि एका वाक्याला मुद्दाम काहीच पुरावा नसावा. ती जागा कोरी सोडणाऱ्या मुलाला पूर्ण गुण.

मार्चअखेर कार्डं पाकिटात, चिमटे डब्यात. नवार जुन्या टोकाकडून गुंडाळा म्हणजे ‘आज’ बाहेर राहील, आणि डांबराच्या गोळीसकट पत्र्याच्या डब्यात ठेवा. कापडी पिशवीत उंदीर सोडत नाहीत. जूनमध्ये पट्टी पुन्हा लावताना ‘आज’ची लाल रेघ मोकळ्या नवारीवर 1 सेंटिमीटर पुढे मारा. वहीतल्या यादीत प्रत्येक आकड्यात एक मिळवा. गेल्या वर्षीच्या मुलांचे चिमटे त्यांनाच मोजून पुन्हा लावायला द्या.